बाटली नंबर चार

१ नोव्हेंबर १९८७, रविवार

शाळेतून निवृत्त होऊन तीन महिने झाले. या तीन महिन्यांत चार भाषणं केली, अकरा पुस्तकं वाचली, आणि बायकोचं, रुक्माबाईचं, म्हणणं खरं मानायचं तर घरातलं एकही काम केलं नाही. मधल्या दाराची बिजागरी करकरते. ती मी पाहणार होतो, असं ती म्हणते. असेन.

आज मात्र काम मिळालं आहे, म्हणून ही वही उघडली.

झालं असं. काल चावडीवर पंचायतीची बैठक होती. सरपंच अमृतराव बाजारातल्या जागांचा विषय घेऊन बसले होते. मी उठलो. दर गुरुवारच्या बाजारात पुन्हा पुन्हा तापवलेलं, जळकं तेल लोकांच्या पोटात जातं, याची कुणालाच लाज कशी वाटत नाही, असं विचारलं. तेल तापत राहिलं की हवेनं कसं बिघडतं, त्याला धूर लवकर का येऊ लागतो, खाल्ल्यावर घसा का धरतो, सगळं सांगितलं. दोन पुस्तकांत वाचलं आहे. गरिबाला स्वच्छ खायला मिळणं हा त्याचा हक्क आहे, ती काही भीक नव्हे, या वाक्याला टाळ्या पडल्या. पंचवीस मिनिटं बोललो.

अमृतरावांनी पान तोंडात सरकवलं आणि म्हणाले, "गुरुजी, बोलले ते सोळा आने खरं. मंग आता तुमीच तपासा."

मागे कुणीतरी हसलं. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. मी तिथल्या तिथे होकार दिला.

ठराव असा: बाजारात तळणाऱ्या सहा जणांचं तेल मी दर गुरुवारी तपासायचं. ज्याचं तेल तीन वेळा नापास होईल त्याची बाजारातली जागा काढून घ्यायची. इथला सरकारी कारभार तेलुगूत, म्हणून ठरावही तेलुगूत लिहिला गेला. मी त्याचं मराठी करून चावडीच्या भिंतीवर चिकटवलं.

घरी आल्यावर रुक्माबाईनं विचारलं, "तपासनार कसं?"

"प्रत्येकाच्या कढईतलं तेल बाटलीत घ्यायचं. उजेडात धरायचं. रंगावरून कळतं. जितकं काळं तितकं जळलेलं."

"निसतं रंगावरून?"

मी तिला सविस्तर समजावलं. ती "बरं" म्हणाली आणि ज्वारी निवडायला बसली.

५ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला बाजार. कंपाउंडरकडून औषधाच्या सहा रिकाम्या बाटल्या आणल्या होत्या. रुक्माबाईनं त्या राखेनं घासून, उन्हात वाळवून दिल्या. मी चिठ्ठ्या चिकटवल्या.

बाटली नंबर एक: पांडुरंगराव हॉटेलवाले. तेल मधासारखं. उजेडात धरलं तर पलीकडचा मंदिराचा कळस दिसावा इतकं निवळ. पांडुरंगरावांनी मला खुर्ची दिली, पुरीची ताटली समोर ठेवली. मी नको म्हणत होतो. "गुरुजी, तुमच्यासारखा मानूस आमच्या दुकानात बसला, हेच लई झालं," असं म्हणाले. माणूस विनयशील आहे. शिवाय कष्टाळू. अभिमानानं सांगत होते, "अकरा साल झाले दुकानाले. माही कढई एक दिवससुद्दा रिकामी झाली नाई." व्यवसायात असं सातत्य हवं. बाकीच्यांना सांगेन.

दोन, तीन, पाच, सहा ठीक. थोडी कमीजास्त.

बाटली नंबर चार: बयनाबाई. बाजाराच्या तोंडाशी, जिथे बैलगाड्या सुटतात तिथल्या कडुनिंबाखाली तिची चूल. एकोणीस वर्षं ती त्याच जागी बसते. आमच्याच वस्तीतली बाई, जयंतीच्या सभेला पहिल्या रांगेत बसणारी. तिचं तेल पाहून मला धक्काच बसला. काळंभोर. बाटलीतून बोट दिसेना.

"बयनाबाई, हे काय?"

"तेल."

"हे तेल आहे?"

"नाई तं काय शाई हाय? तुमी लेखनीवाले, तुमाले शाईच दिसन."

गाडीवाले खो खो हसले. मला राग आला. राग माणसाचा नव्हे, अन्यायाचा. ती आपली आहे म्हणून मी डोळे मिटले असते, तर आयुष्यभर जे बोललो ते फुकट गेलं असतं. वहीत तिच्या नावापुढे लाल खूण केली. तिनं ती पाहिली आणि पुढचा घाणा सोडला.

संध्याकाळी रुक्माबाईनं कागदात बांधून गुलगुले आणले. खुसखुशीत, गुळाचा नेमका गोडवा, खाल्ल्यावर घशाशी काही नाही. पाच खाल्ले. कुठून आणले विचारलं तर म्हणाली, "बाजारातून." अशी चांगली माणसंही बाजारात आहेत, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

६ नोव्हेंबर

सहा बाटल्या खिडकीत ओळीनं ठेवल्या. ऊन पडल्यावर फार सुंदर दिसतात. एक नंबर सोन्यासारखी, चार नंबर डांबरासारखी. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवल्या. समोर पुरावा असला की बोलायला बळ येतं.

रुक्माबाई केर काढता काढता थांबली. "हे चार नंबरचं काऊन काळं झालं असन?"

"जळून. दुसरं काय?"

"काय टाकलं असन तिनं त्याच्यात?"

"काही टाकलं असो, तेल ते तेल."

"बरं," म्हणाली.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक.

दुसरा बाजार. पुन्हा सहा बाटल्या. पुन्हा चार नंबर काळी. दुपारी बाजार भरात असताना मी तहबाजारीच्या, म्हणजे बाजारकर गोळा करतात त्या, ओट्यावर चढलो. एका हातात एक नंबर, दुसऱ्या हातात चार नंबर. दोन्ही हात वर केले. म्हणालो, हे पाहा! एक स्वच्छ, एक मळलेलं. एक प्रामाणिक, एक बेईमान! तुमच्या लेकरांच्या पोटात तुम्ही कोणतं घालणार? डोळे आहेत ना तुम्हाला? मग पाहा!

चाळीस मिनिटं बोललो. कापूस विकून आलेली माणसं ओझी खाली ठेवून उभी होती. बांगड्यांचं दुकान मांडणारा गिऱ्हाईक सोडून ऐकत होता. पांडुरंगरावांनी झेंडूचा हार घातला.

मी बयनाबाईचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. उतरल्यावर पाहिलं तर कडुनिंबाखाली गिऱ्हाईक नव्हतं. घमेल्यात पीठ तसंच होतं. ती चुलीतली लाकडं मागे ओढत होती. नेहमी तिच्याभोवती उकिडवे बसणारे गाडीवालेही आज लांब उभे होते, कानकोंडे होऊन. दुसरी लाल खूण.

पांडुरंगरावांच्या दुकानात मात्र बसायला जागा नव्हती. त्यांनी आग्रह केला म्हणून चार पुऱ्या खाल्ल्या.

घरी आल्यावर रुक्माबाईला विचारलं, भाषण ऐकलंस का? म्हणाली, "अर्धं आयकलं. मंग बयनाबाईचं पीठ उचलू लागाले गेली."

१४ नोव्हेंबर

घसा धरला आहे. गुरुवारपासून आत खवखव, पोटात जळजळ. मोकळ्या मैदानात चाळीस मिनिटं बोलल्याचा परिणाम. रुक्माबाईनं हळदीचं पाणी दिलं आणि विचारलं, "त्या दिवशी काय खाल्लं होतं?"

बायकांना प्रत्येक आजार खाण्यातच दिसतो.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

तिसरा बाजार. बयनाबाई आलीच नाही. कडुनिंबाखाली तीन काळे दगड आणि राख. मी पाच बाटल्या भरल्या, चार नंबरची रिकामी परत आणली.

अमृतराव म्हणाले, "आली नाई म्हंजे गुन्हा कबूल केला. जागेची हर्रासी करून टाकू, बोली लावून देऊ." मी म्हणालो, नाही, ठरावात तीनदा नापास असं आहे. गैरहजेरीला नापास म्हणता येत नाही. नियम म्हणजे नियम. शेवटी ठरलं, पुढच्या गुरुवारी, २६ तारखेला, ती येवो न येवो, निकाल लावायचा. आली आणि तेल पुन्हा काळं निघालं तर जागा गेली. नाही आली तरी गेली. ती जागा पांडुरंगराव मागत आहेत, त्यांना बाजाराच्या तोंडाशी एक कढई लावायची आहे.

बरोबरच चाललं आहे. तरी येताना त्या दगडांकडे पाहू नये असं वाटलं, आणि पाहिलं.

२१ नोव्हेंबर

वाचन होत नाही. कापसाच्या गाड्या पहाटेपासून जातात आणि आज त्यांची करकर सहन होईना. प्रत्येक गाडी कुणाचा तरी गळा दाबल्यासारखी ओरडत जाते. इतकी वर्षं या रस्त्यावर राहतो, असा आवाज कधी ऐकला नाही. काय झालं आहे या गाडीवाल्यांना? आळस वाढला आहे. यावर एकदा बोललं पाहिजे.

बाहेर गाड्या, आत बिजागरी.

२२ नोव्हेंबर

पेन्शनच्या कागदावर सही करायला नार्नूरला जायचं होतं. मी बसनं जाणार होतो. रुक्माबाई म्हणाली, "दौलत गाडी घेऊन जाऊन राह्यला तिकडं. मी सांगून ठेवलं त्याले. बसची वाट काऊन पाहता?" एवढ्या आवाजाच्या गाडीत दोन तास बसायचं म्हणजे शिक्षा, पण तिनं सांगून ठेवलं होतं, मोडता आलं नाही.

दौलत हा माझा जुना विद्यार्थी. सातवीत दोनदा बसला, तेव्हापासून बैलांशीच बोलतो. निघाल्याबरोबर चाकं ओरडू लागली. मैलभर सोसलं. मग म्हणालो, "दौलत, आखाला वंगण का घालत नाहीस रे? बैलांनाही त्रास, माणसांनाही."

त्यानं बैलांना हाकललं.

"मी विचारतोय."

"गुरुजी, तुमाले राग यीन."

"सत्याचा मला राग येत नाही."

"मंग आयका. वंगन बयनाबाईकडून भेटत होतं. बाजार उठला की कढईतलं सारं तेल ते आमाले वाटून देत होती. डब्बा घेऊन बसायचं, रांगेनं. काजळी घालून घोटलं की आखाले लई टिकते. तुमी बोलले त्या बाजारी आमी लाजेनं डब्बे घेऊन गेलोच नाई, अन् मागच्या बाजारी तिची चूलच नाई पेटली. तेल कुठून भेटन?"

"सगळं तेल? दर बाजारी?"

"सारं. थेंब ठेवत नाई. दुसऱ्या गुरुवारी तेल्याच्या घान्यावरून नवं करडीचं आनते. एकोनीस साल झाले, इचारा कोनालेबी. साऱ्या गाड्या तिच्याच तेलावर चालून राह्यल्या होत्या."

मी म्हणालो, पांडुरंगरावांकडून का आणत नाही?

दौलतनं बैलाच्या शेपटीला हात लावला आणि हसला. "त्यायच्या कढईतलं तेल आजवर कोन्या गाडीले लागलं, गुरुजी? ते कढई कवा रिकामी झाली?"

परत येईपर्यंत फक्त गाडी बोलत होती.

अकरा साल झाले, माझी कढई एक दिवसही रिकामी झाली नाही. हे मी माझ्याच हातानं या वहीत लिहिलं आहे. कौतुक म्हणून.

२३ नोव्हेंबर

रात्रभर विचार केला, पण एक गाठ सुटेना. बयनाबाईचं तेल जर दर बाजाराला नवं असतं, तर ते दुपारपर्यंत काळं का होतं?

सकाळी रुक्माबाई म्हणाली, "आज सहज गुलगुले तळते." चांगलं अर्धा शेर ताजं तेल कढईत ओतलं. कणकेत गूळ कालवलेला होता. मी शेजारी पाटावर बसून होतो, माझ्याच विचारात. तिसऱ्या घाण्याला ती म्हणाली, "अवो, जरा उठा, उजेड अडवून राह्यले." मी उठलो आणि माझी नजर कढईत गेली.

तेल काळं पडत होतं. माझ्या डोळ्यांदेखत. तासाभरापूर्वीचं नवं कोरं तेल!

मी ओरडलोच. "गूळ! रुक्माबाई, गुळानं! गूळ तेलात उतरतो आणि करपतो!"

"अस्सं?" ती म्हणाली.

बयनाबाई सकाळी आधी गुलगुलेच काढते, कारण दुरून आलेल्या गाडीवाल्यांना गोड लागतं. मग त्याच तेलात भजी. मी दुपारी बाटली भरायला जातो. बाटलीत दिसतं ते करपलेल्या गुळाचं काळं. तेल सकाळचंच. हे मला एकदम सुचलं. ज्ञान असं अवचित येतं.

मग एक नंबरचं काय? ते इतकं निवळ कसं? रुक्माबाई झारा धुता धुता म्हणाली, "पुरीतून काय उतरते तेलात? अन् रोज फडक्यानं गाळून वरून नवं वतलं, तं जुनं दिसन काय?"

त्या प्रश्नावरून मला प्रयोग सुचला. गुरुवारच्या पाच बाटल्या खिडकीत होत्याच. दोन लहान पळ्या घेतल्या. एकीत आमच्या कढईतलं काळं तेल, दुसरीत एक नंबरचं सोनेरी. एकाच निखाऱ्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हीत पिठाची एकेक गोळी टाकली. काळ्या तेलात गोळी उसळून वर आली, बुडबुडे आले, विरले, तेल शांत. सोनेरी तेलात पांढरा फेस आला आणि कडेला चिकटून राहिला, साबणासारखा. बसेचना. थोड्या वेळानं धूर आला तोही सोनेरी तेलालाच आधी. डोळ्यांत गेला, घशात गेला, आणि ती खवखव मी लगेच ओळखली. बारा तारखेच्या चार पुऱ्या!

वहीत नियम लिहिले. पहिला: फेस विरला नाही तर तेल थकलं. दुसरा: धूर लवकर आला तर तेल थकलं. तिसरा: गार झाल्यावर बोटांना चिकट लागलं तर तेल थकलं. रंग सर्वांत शेवटी. रुक्माबाईला वाचून दाखवले. तिनं लक्ष देऊन ऐकले. म्हणाली, "माही आय फेसावरूनच पाहत होती." योगायोग म्हणायचा.

२४ नोव्हेंबर

बयनाबाईकडे गेलो. ती दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाते आहे. संध्याकाळी ओटीतला कापूस मोजून देऊन परत आली तोवर मी तिच्या दारात उभा. बोटांना बोंडांचे ओरखडे होते. एकोणीस वर्षांत ती कुणाच्या शेतात गेली नव्हती.

"या गुरुजी. बाटली आनली काय? तेल नाई माह्याकडं, पानी भरून न्या."

मी म्हणालो, "बयनाबाई, तू दर बाजाराला तेल बदलतेस."

"हो."

"आणि गुळानं ते काळं होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलंच कवा?" ती पायरीवर बसली. "तुमी म्हनले, हे काय. मी म्हनलं, तेल. मंग तुमी लाल पेन्सिल काहाडली. काऊन काळं झालं, असं इचारलं असतं तं सांगितलं असतं. लहान पोरगंबी इचारते."

तिला माझी दया आली असावी, कारण आवाज खाली आला.

"गुरुजी, दरसाल तुमचं भाषन आयकते मी. पयल्या रांगेत बसून. रंग पाहून, जात पाहून मानसाले दूर लोटू नका, म्हनता. माह्या अंगावर काटा येते. मंग त्या दिवशी वट्यावर तुमी दोन बाटल्या धरल्या, अन् म्हनले, हे काळं ते बेईमान. तवा मले वाटलं, हे आपले गुरुजी हायेत, का दुसरं कोनी?"



२५ नोव्हेंबर

स्पष्ट लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. आज दिवसभर मी पळवाटा शोधल्या. तपासणीची पद्धत सुधारली आहे, असं जाहीर करता येईल. दोन खुणा गुपचूप खोडता येतील. अमृतरावांच्या कानात सांगून निकाल बयनाबाईच्या बाजूनं लावता येईल. तीस वर्षं लोक माझा शब्द खरा मानतात. तो खोटा ठरला तर सहा डिसेंबरच्या सभेत कोणत्या तोंडानं उभा राहू?

आणि मग हे लिहिता लिहिता दिसलं, की जो शब्द मी वाचवू पाहतो आहे त्यानं एका बाईची चूल विझवली. असला शब्द वाचवून काय करायचं?

रुक्माबाई दोनदा येऊन गेली. मी काही सांगितलं नाही. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "बयनाबाईले उद्या बाजारात बसाले सांगितलं मी. घान्यावरून तेल आनून देलं. तुमाले जे बोलाचं ते तुमी बोला."

२६ नोव्हेंबर, गुरुवार

कडुनिंबाखाली चूल पेटली होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. गाडीवाले लांबून पाहत होते. अमृतराव, पंच, पांडुरंगराव, सगळे निकालासाठी आले. लोक जमले, कारण मी बोलणार हे ठरलेलंच.

मी ओट्यावर चढलो नाही. चुलीशी उभा राहिलो. म्हणालो:

"याच बाजारात मी चाळीस मिनिटं बोललो. ते सगळं चूक होतं. मी रंग पाहिला, तेल पाहिलं नाही. या बाईला एक प्रश्नही न विचारता मी बेईमान म्हणालो. बयनाबाई, माझं चुकलं. मला माफ कर."

एवढंच. घड्याळ लावलं असतं तर एक मिनिटही भरलं नसतं. टाळी पडली नाही.

मग मी बाटली नंबर चार शेवटची भरून घेतली आणि दोन पळ्या काढल्या. एकीत बयनाबाईच्या कढईतलं काळं, दुसरीत पांडुरंगरावांकडून मागून आणलेलं सोनेरी. तिच्याच चुलीच्या निखाऱ्यावर ठेवल्या. पिठाच्या गोळ्या सोडल्या. लोक वाकून पाहू लागले. फेस विरला, फेस चिकटला. धूर आला. पुढे वाकलेले अमृतरावच आधी खोकले. "आं? हे तं पांडुरंगरावचं हाय!"

सगळ्यांनी पांडुरंगरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. माझ्या तोंडात भाषण तयार झालं होतं. शब्द अगदी ओठांवर होते: ढोंग, फसवणूक, सोनेरी मुखवटा. तेवढ्यात गर्दीत रुक्माबाई दिसली. ती माझ्याकडेच पाहत होती.

मी विचारलं, "पांडुरंगराव, तुम्ही कढई रिकामी का करत नाही?"

ते एकदम लहान पोरासारखे बोलले. "गुरुजी, दुकान टाकलं तवा बाप म्हनला होता, कढई रिकामी झाली का दुकान रिकामं होते. बाप गेला. मी कदी रिकामी नाई केली. रोज वरचंवरचं काहाडून गाळतो, अन् नवं वततो. आईची आन, मले वाटलं चांगलंच करून राह्यलो."

त्या माणसाला अकरा वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं.

बयनाबाई झाऱ्यानं गुलगुले उलटत होती. मान वर न करता म्हणाली, "पांडुरंगभाऊ, एक कढई अजून घ्या. नवी भरा, चुलीवर चढवा, मंग जुनी वता. दुकानात भरली कढई हायेच ना? बाप काऊन रागावन?"

पांडुरंगराव तिच्याकडे पाहत राहिले. मग अमृतराव हसले, मग पंच, मग सगळा बाजार. दौलत पुढे सरसावला. "अन् जुनी वताची असन तं आमचे डब्बे हायेत बाप्पा!"

अमृतरावांनी तिथेच सांगितलं, कडुनिंबाची जागा बयनाबाईची. मी वहीतल्या लाल खुणा सगळ्यांसमोर खोडल्या आणि समास सोडून माझं नाव लिहून त्यापुढे दोन खुणा केल्या. अमृतराव म्हणाले, "तिसरी नका होऊ देऊ, नाई तं तुमचीच जागा जाईन."

बयनाबाईनं कागदावर पाच गुलगुले ठेवून माझ्यापुढे केले. एक तोंडात टाकला आणि थांबलो. ही चव मी ओळखत होतो. पाच तारखेला ज्यांची इतकी स्तुती केली, ते हेच.

"आवडले काय?" तिनं विचारलं.

"आवडले."

"मंग माफ केलं. भाषन छोटं केलं म्हनून. लांबलं असतं तं थंडे झाले असते."

३ डिसेंबर, गुरुवार

आज पांडुरंगरावांनी दोन माणसं लावून जुनी कढई उचलली आणि अकरा वर्षांचं तेल गाडीवाल्यांच्या डब्यांत ओतलं. आधी नवी कढई भरून, हळदकुंकू वाहून, चुलीवर चढवली होती. ओतताना त्यांनी डोळे मिटले. तळाशी निघालेला थर दौलतनं बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाला, "हे तं दोन साल पुरते. गाडी आता पावसाळ्यातबी बोलनार नाई." दुपारी पांडुरंगराव मला सांगायला आले, दुकान अजून भरलेलंच आहे.

बाकीचे पाचही जण आता फेस पाहून तेल बदलतात. बाटल्यांची गरज उरली नाही, त्या भरलेल्या तशाच खिडकीत उभ्या आहेत. बयनाबाईची भजी सावळी दिसतात, तरी चार वाजेपर्यंत संपली.

संध्याकाळी मी रुक्माबाईला सगळी हकिकत पहिल्यापासून समजावून सांगितली: दौलतच्या बोलण्यावरून मला संशय कसा आला, गुळाचं कोडं मला कसं सुटलं, दोन पळ्यांचा प्रयोग मला कसा सुचला. ती भाकरी थापत ऐकत होती. मधूनमधून "अस्सं?" म्हणत होती. तिला हे सगळं नवीन वाटलं असावं.

मग सहा तारखेच्या सभेचं भाषण लिहायला बसलो. या वर्षी विषय बदलला आहे: प्रश्न विचारावा कसा. पहिलं वाक्य काही केल्या जमेना. बाजार उठला होता. गाड्या रस्त्यानं जात होत्या, एकामागून एक, कापूस उतरवून हलक्या झालेल्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, चाकांचा नव्हता. ऐकत बसलो, किती वेळ कोण जाणे.

खाली पाहिलं तर वहीशेजारी कागदावर गुलगुले ठेवलेले. अजून ऊन. रुक्माबाई केव्हा आत येऊन गेली ते कळलंच नाही. मधल्या दाराची बिजागरी करकरली नव्हती.

उठून खिडकी पाहिली. बाटली नंबर चार रिकामी होती.